जुना डबा, जुने इंजिन: वापरात आणताना काय बदलावे आणि काय राखावे

यार्डाच्या कडेला, बाभळींच्या आड, ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीचा एक लाकडी डबा उभा आहे असे समजा. एकाला तो स्टेशनाबाहेर उपाहारगृहासाठी हवा आहे, दुसऱ्याला संग्रहालयात ठेवायचा आहे आणि तिसऱ्याला तो पुन्हा रुळावर धावताना पाहायचा आहे. तिघांचीही इच्छा रास्त आहे. मात्र डब्याला हात लावण्यापूर्वी यांपैकी नेमके काय करायचे आहे हे ठरले नाही, तर काम निम्म्यावर आल्यावर लक्षात येते की जे कापायला नको होते ते कापून झाले आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. अजिबात हात न लावता भंगारात गेलेल्या डब्यापेक्षा, नीट नोंद ठेवून बदललेला डबा केव्हाही बरा. पण नोंद न ठेवता बदललेला डबा निम्मा भंगारातच गेला असे समजावे.

पहिला प्रश्न दुर्मीळतेचा आहे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या आवारात २०२१ मध्ये जुन्या डब्यात उपाहारगृह सुरू झाले, आणि तसे डबे आता अनेक स्थानकांबाहेर दिसतात. चेन्नईतल्या पेरांबूरच्या कारखान्यात १९५५ पासून २०१८ पर्यंत बांधल्या गेलेल्या निळ्या, तांबड्या पोलादी डब्यांपैकी एखादा यासाठी घेतला, त्याची आसने काढली आणि त्यात टेबले बसवली, तर इतिहासाचे फारसे नुकसान होत नाही, कारण त्याच घडणीचे हजारो डबे बांधले गेले आहेत. हेच काम नॅरोगेजवरच्या एकुलत्या एक उरलेल्या सलूनवर, म्हणजे बड्या लोकांसाठीच्या खास डब्यावर, केले तर ते नुकसान भरून निघणारे नसते. म्हणून आपल्या हातातल्या नमुन्याची भावंडे कुठे कुठे उरली आहेत आणि ती कोणत्या अवस्थेत आहेत, याची चौकशी सर्वांत आधी करावी. एखादे भावंड संग्रहालयात सुस्थितीत असेल, तर आपल्याला थोडी मोकळीक मिळते. नसेल, तर तेवढाच हात आखडता घ्यावा.

धुण्यापुसण्याआधी

उत्साही मंडळी पहिल्याच रविवारी पाण्याचा पाइप आणि तारेचा ब्रश घेऊन येतात. त्यांना थांबवावे. पहिला आठवडा केवळ पाहण्यात आणि लिहिण्यात घालवावा. प्रत्येक बाजूचा, प्रत्येक कोपऱ्याचा फोटो मोजपट्टी शेजारी धरून काढावा. पाट्या, ठोकलेले आकडे, बुजवलेली भोके, जुन्या कंसांचे ठसे टिपून ठेवावेत. इंजिनाच्या कनेक्टिंग रॉडवर, म्हणजे चाकांना फिरवणाऱ्या पोलादी दांड्यावर, दुसऱ्याच इंजिनाचा क्रमांक ठोकलेला आढळला तर गडबडून जाऊ नये. मोठ्या दुरुस्तीच्या वेळी इंजिन लवकर बाहेर पडावे म्हणून कारखान्यात सुट्या भागांची अदलाबदल सर्रास होत असे; तो परका आकडा घासून काढणे म्हणजे त्या कारखान्याच्या कामाचा पुरावाच पुसणे होय.

पाटीवरच्या सालावरही लगेच भरवसा ठेवू नये. डेक्कन क्वीन १ जून १९३० रोजी सुरू झाली, तेव्हा तिच्या मूळ गाड्यांच्या अंडरफ्रेम, म्हणजे डब्याखालचे पोलादी सांगाडे, इंग्लंडमध्ये तयार झाल्या होत्या आणि वरचे डबे जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या माटुंगा कारखान्यात बांधले गेले होते. अशा डब्यात खालचे पोलाद एका देशाचे आणि वरचे सुतारकाम दुसऱ्या देशाचे असते, आणि दोन्ही तितकेच अस्सल असते. अंडरफ्रेमवरची परदेशी पाटी पाहून वरचे सागवान ‘नंतर चढवलेले’ ठरवून उचकटून टाकण्याची चूक यामुळेच होते.

रंगाचे थर कसे वाचायचे, हे मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण मूळ रंगावरून सर्वाधिक भांडणे होतात आणि उत्तर बहुतेक वेळा डब्यावरच असते. उन्हापावसाची झळ न लागलेली जागा निवडावी: दाराच्या चौकटीची आतली बाजू, पाटीच्या मागचा भाग, आसनाच्या कंसाखालचा तुकडा. तिथे रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत पाणी लावून पॉलिशपेपर गोल गोल फिरवावा. आधी जरा खरखरीत आणि शेवटी अगदी मऊ. मध्यभागी लाकूड किंवा पत्रा दिसू लागला की थांबावे. आता त्या खळग्याच्या कडेने रंगांची वर्तुळे झाडाच्या कापलेल्या बुंध्यासारखी एकात एक दिसतात. सर्वांत आतले प्रायमरचे, मग अस्तराचे, मग पहिल्या पक्क्या रंगाचे. दोन वर्तुळांच्या मध्ये काळसर रेघ असेल तर ती धूळ आणि काजळी होय, म्हणजे तिथे डबा काही वर्षे चालला आणि मग पुन्हा रंगवला गेला. तशी रेघ नसेल तर दोन्ही हात एकाच वेळी दिलेले आहेत. फोटो दिवसाच्या उजेडात घ्यावा आणि तो खळगा बुजवू नये, त्यावर केवळ पारदर्शक वॉर्निश लावावे, म्हणजे पुढच्या माणसाला आपले म्हणणे तपासता येईल. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता धरूनच चालावे. म्हणून कोरडे घासू नये, ब्लोलॅम्पने जाळू नये आणि तोंडावर चांगला मास्क असावा. बॉयलरच्या पत्र्याखालचे उष्णतारोधक आवरण ॲस्बेस्टॉसचे असू शकते. ते प्रयोगशाळेत तपासून घेतल्याशिवाय आणि प्रशिक्षित माणसे आल्याशिवाय उघडू नये, मग उद्घाटनाची तारीख पुढे गेली तरी चालेल.

‘मूळ’ म्हणजे कोणत्या सालचे?

इंग्लंडमधले स्टीफन्सन यांचे सुरुवातीच्या काळातले वाफेचे इंजिन ‘रॉकेट’ घ्या. १८२९ च्या रेनहिल चाचणीत, म्हणजे इंजिनांच्या स्पर्धेत, त्याचे सिलिंडर तिरके, वर चढवलेले होते. पुढच्या काही वर्षांत ते जवळजवळ आडवे करण्यात आले, आणि आज जे इंजिन उरले आहे ते या बदललेल्या रूपातले आहे. त्याला १८२९ चे रूप परत द्यायचे तर नंतरचे खरे धातुकाम फेकून त्याजागी नवे बनावट काम बसवावे लागले असते. त्याऐवजी खरे रॉकेट आहे तसे ठेवले गेले आणि चाचणीच्या वेळचे रूप दाखवण्यासाठी वेगळ्या प्रतिकृती बांधण्यात आल्या. मला हा मार्ग सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

‘फ्लाइंग स्कॉट्समन’ या ब्रिटिश वाफेच्या इंजिनाची कथा याहून गुंतागुंतीची आहे. १९२३ मध्ये बांधलेल्या या इंजिनाचे १९४७ मध्ये नव्या वर्गात रूपांतर झाले, १९५९ मध्ये त्याला दुहेरी धुराडे मिळाले, १९६१ मध्ये धूर वर वळवणारे पत्रे आले आणि १९६३ मध्ये ते सेवेतून निवृत्त झाले. नव्या मालकाने त्याला पुन्हा एकेरी धुराडे आणि फिकट हिरवा रंग दिला. पुढे दुहेरी धुराडे परत आले आणि काही काळ ते त्या जुन्या हिरव्या रंगात, ४४७२ या जुन्या क्रमांकासह, पण दुहेरी धुराड्यानिशी धावले. ते रूप रेल्वेच्या प्रत्यक्ष सेवेत कधीच अस्तित्वात नव्हते. २०१६ मध्ये पूर्ण झालेल्या मोठ्या दुरुस्तीनंतर त्याला ६०१०३ हा क्रमांक, गडद हिरवा रंग आणि पत्रे मिळाले, म्हणजे त्याच्या सेवेच्या अखेरच्या काळाशी जुळणारे रूप. आपणही असाच एक काळ निवडावा, तो कागदावर लिहावा आणि मग रंग, क्रमांक, दिवे, धुराडे हे सारे त्याच काळाचे ठेवावे. जे सुंदर दिसते ते इथून तिथून उचलून एकत्र केले, तर हाती येते ते लग्नाच्या वरातीतले इंजिन.

चालवायचे असेल तर

चालत्या गाडीच्या बाबतीत सुरक्षिततेचे बदल आणि सोयीचे बदल यांची सरमिसळ होऊ देऊ नये. बॉयलरच्या नळ्या झिजतात म्हणूनच बदलता येण्याजोग्या केलेल्या असतात. त्या नव्या घातल्याने अस्सलपणाला धक्का लागत नाही. स्टे (बॉयलरचे पत्रे एकमेकांना जखडणारे दांडे), फायरबॉक्सचे, म्हणजे आगीच्या पेटीचे, पत्रे आणि सेफ्टी व्हॉल्व्ह यांच्या बाबतीत वारशाच्या नावाखाली तडजोड करणे हा निव्वळ अविचार आहे. ब्रेकचेही तसेच. जुनी गाडी बहुधा व्हॅक्यूम ब्रेकची (नळीतली हवा शोषून चालणाऱ्या ब्रेकची) असते, आणि आजच्या मार्गावर न्यायची तर दाबाच्या हवेवर चालणारा एअर ब्रेक लागतो. तो बसवावा, पण कॉम्प्रेसर आणि टाक्या आधीपासून असलेल्या भोकांवर, नट-बोल्टने धरलेल्या कंसांवर, नजरेआड बसवाव्यात. कॅबमधले (चालकाच्या खोलीतले) व्हॅक्यूमचे मापक आणि हवा शोषून घेणारा इजेक्टर जागचे हलवू नयेत. उद्या कोणाला एअर ब्रेक काढायचा झाला तर पाना पुरला पाहिजे, गॅसकटर लागता कामा नये. ऐतिहासिक रेल्वे साहित्याविषयी युरोपातील वारसा रेल्वेंच्या महासंघाने २००५ मध्ये स्वीकारलेल्या रीगा सनदेचा आशयही हाच आहे: बदल शक्यतो मागे घेता यावा, तो नजरेत खुपू नये आणि काढलेला महत्त्वाचा मूळ भाग पुन्हा बसवता यावा म्हणून जपून ठेवावा.

इंधन बदलताना आणखी एक गोष्ट हिशेबात धरावी लागते. निलगिरीच्या दातेरी मार्गावरील (जिथे चढावर इंजिनाचे दातेरी चाक रुळांमधल्या दातेरी पट्टीत अडकते) वाफेची इंजिने तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्यात तेलावर चालण्याजोगी करण्यात आली. चढावर कोळशाच्या ठिणग्यांनी जंगलाला आग लागण्याचा धोका असतो आणि चांगला कोळसा मिळत नाही, त्यामुळे या बदलामागे तर्क होता. चार सिलिंडर आणि दातेरी चाक ही त्या इंजिनांची खरी ओळख शाबूत राहिली. गेले ते फायरमनचे फावडे, आणि त्यासोबत आगीचा रंग पाहून कोळसा कुठे टाकायचा हे ओळखणारी नजर. हे कौशल्य कुठल्याही पेटीत जपून ठेवता येत नाही. त्याच कारखान्याने २०२१ मध्ये कोळशावर चालणारे नवे इंजिन बांधले, तेव्हा मला त्यात या गमावलेल्या गोष्टीची जाण दिसली. इंधन बदलायचे असेल तर त्याआधी जुन्या फायरमनला कॅबमध्ये बसवून, त्याचे काम आणि बोलणे दोन्ही तासन् तास चित्रित करून ठेवावे.

काही यंत्रे मात्र चालवण्याचा हट्ट सोडून द्यावा. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी पहिली विजेची गाडी धावली ती १,५०० व्होल्ट एकदिश (डी.सी.) प्रवाहावर, आणि बोरघाट चढणारी, चालकांनी ‘खेकडा’ म्हणून ओळखलेली साइड रॉडची (चाके बाहेरच्या दांड्यांनी जोडलेली) इंजिने त्याच विजेसाठी घडवलेली होती. आता तारांमध्ये २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती (ए.सी.) प्रवाह आहे. त्याखाली खेकडा चालवायचा तर त्याचे पोट रिकामे करून आत नवे यंत्र भरावे लागेल, आणि मग बाहेरच्या टोपणाला खेकडा म्हणण्यात अर्थ उरत नाही. तो उभाच राहू द्यावा. त्याची मोटर आणि साइड रॉड लोकांना जवळून पाहता येतील अशी सोय करावी.

उभे ठेवायचे असेल तर

उभ्या इंजिनाचा मोठा शत्रू पाऊस आहे. धुराड्यातून पाणी स्मोकबॉक्समध्ये, म्हणजे धुराड्याखालच्या धुराच्या पेटीत, उतरते, तिथल्या जुन्या राखेतल्या गंधकाशी मिळून आम्ल तयार होते आणि तळाचा पत्रा आतून खाल्ला जातो. बाहेरून मात्र दरवर्षी नवा रंग चढत असल्यामुळे इंजिन ठणठणीत दिसते. म्हणून राख पूर्ण काढावी, तळाशी निचऱ्याचे भोक मोकळे ठेवावे आणि धुराड्यात आतून, बाहेरून दिसणार नाही अशी चकती बसवावी. एका स्टेशनाबाहेरच्या इंजिनाच्या रॉडवर मी चंदेरी ऑइल पेंटचे इतके हात पाहिले आहेत की ठोकलेला क्रमांक बोटांनी चाचपूनही लागला नाही. रॉड हे उघड्या पोलादाचे असतात. त्यांना रंग नको, ग्रीस किंवा मेणाचा हात हवा.

लाकडी डब्याचे उपाहारगृह करताना स्वयंपाकघर डब्याबाहेरच ठेवावे, हा नियम मी सोडत नाही. गॅस, तेलाची वाफ आणि सागवान यांची सोबत बरी नाही. आत ओटा, वॉशबेसिन, पाण्याची नळी काहीही नको. जुन्या फरशीवर वेगळी उचलता येणारी फरशी अंथरावी. तारा आधीच्या नळ्यांतून ओढाव्यात. वातानुकूलनासाठी छत कापू नये, एका खिडकीत फळी बसवून तिच्यातून पाइप न्यावेत आणि मूळ तावदान क्रमांक टाकून ठेवावे. चाकाच्या खुर्चीसाठी दार रुंद करण्याचा आग्रह होईल. गरज खरीच आहे, पण आधी फलाटाची उंची डब्याच्या फरशीइतकी करून पाहावी, आणि तरीही अडचण उरली तर दोन्हींपैकी एकच दार, तेही कब्जे आणि चौकट जपून बदलावे. अशा डब्यांची छपरे बहुधा कॅनव्हासची, त्यावर रंगाचे थर देऊन केलेली असतात. एक भेग पडली की पाणी भिंतीतून उतरून खिडकीच्या कठड्याखाली साचते आणि तिथले लाकूड भुसा होऊन जाते. कोकण, मुंबई किंवा घाटमाथ्यावर डबा ठेवायचा असेल, तर सजावटीच्या पैशातले निम्मे बाजूला काढून वर स्वतंत्र पत्र्याची शेड उभारावी. डबा फोटोत थोडा कमी देखणा दिसेल, पण दहा पावसाळ्यांनंतरही तो उभा असेल.

काढलेल्या प्रत्येक भागाला तारेने धातूची चिठ्ठी बांधावी, तिच्यावर ठोकून क्रमांक टाकावा, कारण कागदाची चिठ्ठी उंदीर खातात आणि पेनाची शाई उडते. नव्या भागावर, दिसणार नाही अशा बाजूला, बसवल्याचे साल ठोकावे. या साऱ्याची वही दोन प्रतींत असावी. एक संस्थेच्या कपाटात ठेवावी आणि दुसरी काढलेल्या भागांच्या पेटीत, मेणकापडात गुंडाळून. आणि ती पेटी डब्याबरोबरच राहावी, कारण संस्थेचे पदाधिकारी बदलतात, कपाटे हलतात आणि डबा विकला गेला तर बरोबर जाते ते केवळ त्याच्यात असलेले सामान.