कढीपत्त्यावरच्या अळ्या पाळताय? आधी या चुका टाळा

दर पावसाळ्यात मला तोच फोटो येतो. कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं काहीतरी, आणि खाली प्रश्न, "हे काय आहे?" लाइम बटरफ्लाय नाहीतर कॉमन मॉर्मन या फुलपाखराची अळी. चौथ्यांदा कात टाकली की हिरवीगार होते. इथवर सगळ्यांना हौस असते, पुढे गोंधळ घालतात.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे बाजारातली जुडी. ही मीही केलीय. एका श्रावणात कुंडीत नऊ अळ्या होत्या. शेवटच्या टप्प्यातल्या अळीची भूक काय सांगावी! दोन दिवसांत झाडाचा खराटा झाला. मंडईतून जुडी आणली, तीनदा धुतली, फडक्यावर वाळवली आणि निवांत झोपले. सकाळी सात अळ्या तोंडातून हिरवं पाणी गाळत लुळ्या पडलेल्या. दोन वाचल्या, त्याही कात टाकायला बसल्या होत्या आणि खात नव्हत्या म्हणून. फवारलेलं सगळं धुऊन जात नाही, काही औषधं पानात भिनतात. तेव्हापासून छोट्या कुंडीला तीनच अळ्या, बाकीच्या सोसायटीच्या मोठ्या झाडावर. नर्सरीतलं रोपही मी लगेच वापरत नाही, माझ्याकडे फुटलेली नवी पालवी आली की मगच.

दुसरी चूक ऐकून तर हसू येतं. "ताई, अळीला जुलाब लागलेत, खात नाही, भिंतीवर चढतेय!" अहो, ती कोष करायला निघालीय. पोट रिकामं करते आणि जागा शोधत भटकते. लोक तिला उचलून पुन्हा पानावर ठेवतात, ती पुन्हा निघते. कुंडीत एक वाळकी काटकी खोचा आणि गप्प बसा. आमच्याकडे एकीने इस्त्रीच्या वायरीवर कमरेला रेशमाचा दोरा बांधून कोष केला. नऊ दिवस कपडे इस्त्रीवाल्याकडे गेले.

झाकण घट्ट लावलेली बरणी नको, पानांना बुरशी येते.

कोष काळा पडला म्हणून फेकू नका. आतून पंखांची नक्षी दिसत असेल, तर बहुधा उद्या सकाळी फुलपाखरू बाहेर येईल. भोक पडलेलं दिसलं तर मात्र परजीवी माशी किंवा गांधीलमाशीचं काम झालं.

पंख उघडायला मदत? हात मागे बांधा. खाली पडलेला लालसर थेंबही रक्ताचा नसतो.

घाणेरी लावून अंड्यांची वाट बघू नका, तिथे फुलपाखरं फक्त मध प्यायला येतात. रुईवर प्लेन टायगर बघा, पानफुटीवर रेड पिएरो. आणि पहिल्याच महिन्यात "नीलवंत कधी येणार?" विचारू नका. २०१५ पासून तो राज्य फुलपाखरू आहे खरा, पण म्हणून तुमच्या गॅलरीत हजेरी लावायला बांधील नाही.

फोडणीआधी पान उलटून बघा. टाचणीच्या डोक्याएवढं फिकट पिवळं अंडं बहुतेक कोवळ्या पानावर असतं, आणि आमच्या सासूबाई नेमकं तेच तोडतात.