टेकडीवर एकट्याने आरसी क्रॉलर, म्हणजे दगडांवर हळूहळू चढणारी रिमोटची छोटी गाडी, चालवायचाय?
सुरुवातीला १/२४ स्केलचा (खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढा) घ्या, ॲक्सियल कंपनीच्या एससीएक्स२४ सारखा, सॅकमध्ये पाण्याच्या बाटलीशेजारी बसतो आणि पावसात घरी उशांच्या ढिगावरही चालवता येतो. स्पीड वगैरे विसरा. वजन वर असलं की गाडी उलटते, म्हणून आधी पुढच्या ॲक्सलला (चाकं जोडणाऱ्या दांड्याला) पितळी वजनं लावा, टपावरचं कॅरियर बिरियर नंतर, मी नेमकं उलटं केलं आणि पुण्यात वेताळ टेकडीवर खाणीजवळ गाडी दर दोन मिनिटांनी पाठीवर, झुरळासारखी! थ्रॉटल (रिमोटवरची वेग देणारी कळ) अगदी हलका, चाक नुसतं फिरायला लागलं की सोडा, जरा मागे घ्या, दुसऱ्या दगडावरून ट्राय करा. घरी आल्यावर गाडीची लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी फुल चार्ज करून ठेवू नका, ठेवायची तर सेलमागे ३.८ व्होल्टच्या आसपास. आणि रविवारी सकाळी नकोच, फिरायला आलेले काका लोक "केवढ्याला पडली?" विचारत बसतात.