सिरोसिसच्या रुग्णाची किडनी कशी जपावी

दादांना सिरोसिस आहे, म्हणजे लिव्हर खराब होऊन कडक झालंय, पोटात पाणी होतं. रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहाआधी मी त्यांचं वजन घेते. लघवी मापाच्या भांड्यात मोजायची, आकडा वहीत लिहायचा. लघवी एकदम कमी झाली, ताप आला, पोट दुखलं किंवा शी काळी झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. उद्यावर ढकलू नका, हात जोडून सांगते.

क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा, 48 तासांत 0.3 mg/dL ने वाढलं तरी गंभीर. रिपोर्टवर नॉर्मल छापलेलं असेल, तरी मागचा आकडा शेजारी ठेवून बघा. स्नायू झडलेल्या माणसात तो मुळातच कमी येतो.

जुलाब-उलट्या लागल्या तर लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचं डॉक्टरांना लगेच विचारा. पोटातून 5 लिटरपेक्षा जास्त पाणी काढणार असतील तर अल्ब्युमिनचंही (शिरेतून देतात ते प्रोटीन) विचारा. गुडघेदुखीवर डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन ही किडनीला घातक वेदनाशामकं अजिबात देऊ नका.