सीटी स्कॅनमध्ये आतला बोअर (भोक) मोठा येत होता, असं सुटलं

ॲल्युमिनियम कास्टिंगच्या आतल्या ऑइल चॅनलचं माप सीटीवर (एक्स-रेने पार्ट न कापता आतून बघणारं मशीन) घेत होतो, बोअर मोठा आणि भिंत पातळ येत होती, पण दोन बोअरच्या सेंटरमधलं अंतर मात्र सीएमएमशी (प्रोबने स्पर्श करून मोजणारं मशीन) बरोब्बर जुळत होतं. इथेच अर्धं उत्तर मिळालं. व्हॉक्सेल (थ्रीडी पिक्सेल) साइज चुकली असती तर सेंटरचं अंतरही त्याच प्रमाणात बिघडलं असतं, म्हणजे स्केल ठीक, गडबड सरफेस ठरवण्यात.

स्लाइस उघडून ग्रे व्हॅल्यूचा (किती उजळ-काळं याचा) प्रोफाइल काढला तर जाड भागात मटेरियल कडेला उजळ आणि मध्ये काळपट, सरळसरळ बीम हार्डनिंग (कमी ऊर्जेचे एक्स-रे मटेरियलमध्ये आधी शोषले जातात, म्हणून ग्रे व्हॅल्यू बिघडते)! अशात सगळ्या पार्टला एकच आयएसओ ५० थ्रेशोल्ड (हवा आणि मटेरियलच्या ग्रे व्हॅल्यूच्या बरोबर मधली सीमा) लावला की मधली कड मटेरियलच्या आत सरकते.

मग सोर्सपुढे कॉपर फिल्टर लावला, तो कमी ऊर्जेचे किरण आधीच गाळतो (इमेज अंधारते, एक्सपोजर वाढवावं लागतं), पार्ट फोममध्ये तिरका बसवला म्हणजे सपाट फेस बीमला समांतर राहत नाहीत, आणि सॉफ्टवेअरमध्ये लोकल ॲडॅप्टिव्ह सरफेस घेतला, म्हणजे कड प्रत्येक जागी तिथल्या ग्रे व्हॅल्यूवरून ठरते. सॉफ्टवेअरमधला बीम हार्डनिंग करेक्शनचा स्लायडर ओढत बसण्यापेक्षा फिल्टर कधीही बरा, असं माझं मत. नंतर तसाच एक पार्ट कापून बोअर सीएमएमवर मोजला, आता फरक टॉलरन्सच्या मानाने किरकोळ आहे.