सोसायटीतलं पार्किंगचं भांडण मतदान न घेता कसं मिटवायचं

आमची सोसायटी 42 फ्लॅटची, खाली पट्टे मारलेली कार पार्किंग 27 आणि गाड्या 38. हे आकडे वाचून ज्यांच्या पोटात गोळा आला त्यांच्यासाठीच हे लिहितेय, कारण तीन वर्षं आमच्याकडे याच्यावरून गणपतीच्या आरतीलाही दोन गट वेगवेगळे उभे राहायचे आणि शेवटी एकाच्या टायरची हवा सोडली गेली तेव्हा मी सेक्रेटरी होते. ते मिटलं. कसं मिटलं ते सांगते, म्हणजे तुम्हालाही करून बघता येईल.

पहिली गोष्ट, भांडण व्हॉट्सअॅप ग्रुपवरून खाली उतरवा, पण ग्रुपला कुलूप लावून नाही. मी आधी तेच केलं होतं, फक्त अॅडमिन लिहू शकेल अशी सेटिंग ठेवली, तर लोक म्हणाले कमिटी तोंड दाबतेय आणि दुसऱ्याच दिवशी दोन नवे ग्रुप निघाले. मग दुसरं केलं. पार्किंगवर कोणी काही लिहिलं की ग्रुपवर उत्तर द्यायचंच नाही, त्याच दिवशी संध्याकाळी त्या घरची बेल वाजवायची आणि "काका, तुमचा मेसेज वाचला, जरा नीट सांगा ना" म्हणून बसायचं. ग्रुपवर वाघ असलेला माणूस स्वतःच्या हॉलमध्ये चहा देताना वेगळा बोलतो, हे मी किमान पंधरा घरांत बघितलंय.

आता मोजणी. भांडणातले निम्मे आकडे ऐकीव असतात. दोन्ही गटांतला एकेक माणूस घ्या (हे महत्त्वाचं, एकाच गटाने मोजलं तर मोजणीवरच भांडण होतं), टेप घ्या, रविवारी सकाळी खाली उतरा आणि प्रत्येक जागा, तिथे कोणाची गाडी, कोणत्या कागदावर, सगळं वहीत लिहा. आमच्याकडे एका कोपऱ्यात जुनी दारं नि रंगाचे डबे पडलेले होते, आणि टाकीजवळ सात-आठ बंद टू-व्हीलर वर्षानुवर्षं धूळ खात उभ्या होत्या. हे हलवल्यावर दोन जागा निघाल्या, 27 च्या 29 झाल्या. शिवाय 38 गाड्या म्हणजे 38 घरं नव्हेत हेही तेव्हाच कळलं, घरं होती 33 आणि पाच जणांकडे दुसरी गाडी. आदर्श उपविधी (सोसायट्यांसाठीची सहकार खात्याची नमुना नियमावली) काढून वाचले तर त्यात स्पष्ट आहे की अर्ज जास्त नि जागा कमी असतील तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकून वाटप करायचं, आणि दुसऱ्या गाडीचा विचार सगळ्यांची पहिली गाडी लागून जागा उरली तरच. तीन वर्षं अकरा जागा कमी आहेत म्हणून डोकी तापलेली, तिथे प्रत्यक्षात फरक होता 33 नि 29 चा, म्हणजे चार गाड्यांचा! हा आकडा मी फळ्यावर लिहिला तेव्हा खोलीत सगळे गप्प झाले.

आता बिल्डरकडून विकत घेतलेल्या जागांबद्दल जरा सविस्तर सांगते, त्याही योगायोगाने अकराच, कारण खरी गाठ तिथेच होती आणि बहुतेक जुन्या सोसायट्यांत तिथेच असते. अकरा जणांनी बिल्डरला पार्किंगचे वेगळे पैसे दिले होते, त्यांच्याकडे पत्रं होती. बिल्डरला स्टिल्टमधलं (इमारतीखालच्या खांबांमधलं) पार्किंग स्वतंत्रपणे विकता येत नाही, ती सगळ्यांची सामायिक जागा आहे, हे सुप्रीम कोर्टाने 2010 सालीच सांगून ठेवलंय. आमच्यातल्या तरुण मंडळींनी तो निकाल प्रिंट काढून नोटीस बोर्डावर लावला आणि त्यानंतर आगीत तेल पडलं. कारण तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी रिटायर झाल्यावर फंडातले पैसे काढून ती जागा घेतलेली, त्यांना त्या कागदातून एकच ऐकू आलं की तुम्ही मूर्ख ठरलात आणि तुमचे पैसे बुडाले. कायदा बरोबर होता, माणूसही खोटा नव्हता. असं असेल तेव्हा कायदा आधी नाचवू नका. मी काकांकडे तीनदा गेले, तिसऱ्या वेळी ते म्हणाले की जागा गेली तरी चालेल गं, पण मी कोणाची जागा ढापली असं जिन्यात बोलतात ते सहन होत नाही. हे वाक्य ऐकेपर्यंत मला भांडण कळलंच नव्हतं. मग मी त्यांना विनंती केली की मीटिंगमध्ये पहिलं तुम्ही बोला, पैसे कधी दिले, कसे दिले, सगळं सांगा, कोणी मधे तोंड घालणार नाही.

घरोघरी जाल तेव्हा "तुम्हाला काय पाहिजे" विचारू नका, सगळे "माझी जागा" एवढंच म्हणतील. "गाडी कधी काढता, कधी लावता, कशाची भीती वाटते" असं विचारा. एका ताईंना आईला व्हीलचेअरवरून गाडीत बसवायला लिफ्टजवळची जागा हवी होती, एकाला फक्त ओरखड्यांची भीती, आणि तिघे रात्रपाळीवाले निघाले ज्यांची गाडी रात्री बाहेर आणि दिवसा आत, म्हणजे दिवसा ऑफिसला जाणाऱ्यांच्या बरोबर उलट. भाडेकरूंनाही भेटा, त्यांना सभेत मत नाही पण गाडी आहे आणि रात्री अकराला हॉर्न त्यांचाही वाजतो.

मग पाच-सहा जणांचा छोटा गट करा, त्यात सगळ्यात जास्त आरडाओरडा करणारे दोघं पाहिजेतच, त्यांना बाहेर ठेवलंत तर ते बाहेरूनच पाडतील. ही कल्पना मला गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावावरून सुचली. धानोरा तालुक्यातलं हे गोंड आदिवासींचं गाव, 2009 मध्ये त्यांना जवळजवळ 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि तिथल्या ग्रामसभेत निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. विषयाचा आधी अभ्यास गटात काथ्याकूट होतो, निर्णय मात्र सगळ्यांनी मिळून. जंगल, बांबू, पैसा असले विषय जर एक अख्खं गाव हात वर न मोजता सोडवू शकतं तर 42 घरांना चार गाड्या का जमू नयेत, असं मी आमच्या चेअरमनना म्हटलं. मतदान घेतलं असतं तर आमचा ठराव 24 विरुद्ध 18 ने पास झाला असता, हे सगळ्यांना माहीत होतं. पण ती हरलेली 18 घरं दुसऱ्या दिवशीही आपल्याच जिन्यात राहणार ना.

सभेचं तांत्रिक सांभाळा. विषय नोटिशीत अजेंड्यावर छापा, आयत्या वेळच्या विषयांत कधीच घुसवू नका, नाहीतर न आलेले लोक नंतर ठरावच मान्य करत नाहीत आणि त्यांचं चुकतही नाही. फक्त याच विषयासाठी विशेष सर्वसाधारण सभा बोलवा. ज्याची स्वतःची पार्किंगची तक्रार आहे त्याने सभा चालवू नये. प्रत्येकाला तीन मिनिटं. आणि एक नियम आम्ही पाळला तो फार उपयोगी पडला, "हे चालणार नाही" म्हणणाऱ्याने लगेच "असं केलं तर चालेल" हेही सांगायचं. काका बोलले तेव्हा मागच्या रांगेतल्या एका मुलाने उठून जिन्यातल्या बोलण्याबद्दल त्यांची माफी मागितली, ते कोणी ठरवलेलं नव्हतं.

ठरलं ते असं. पैसे दिलेल्या अकरा जणांच्या जागा पहिलं एक वर्ष तशाच, दुसऱ्या वर्षापासून तेही सगळ्यांबरोबर चिठ्ठीत. व्हीलचेअरवाल्या घराची जागा कायम लिफ्टजवळ, चिठ्ठीबाहेर. तीन रात्रपाळीवाले आणि तीन दिवसपाळीवाले अशा जोड्या तीन जागांवर, त्यामुळे 33 गाड्यांना 30 जागा पुरत होत्या आणि होत्या 29. म्हणजे दरवर्षी एकच घर बाहेर, त्याचं शेजारच्या मैदानातल्या पार्किंगचं भाडं सगळ्यांच्या पार्किंग फीमधून. दुसऱ्या गाड्या पाचही बाहेर, स्वखर्चाने. चिठ्ठ्या सोसायटीतल्या लहान पोरांनी सगळ्यांसमोर काढल्या.

लिहिताना "सहकार्य करावे", "समजून घ्यावे" असले शब्द ठरावात ठेवू नका, त्यांचा अर्थ प्रत्येकजण आपापला काढतो. जागा नंबर, फ्लॅट नंबर, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, गाडी आडवी आली तर कोणाला फोन करायचा, हे लिहा. जोडीतला एक सुट्टीवर असेल तर काय तेही लिहा, आम्ही विसरलो आणि दिवाळीत पहिली चकमक तिथेच झाली. सूचक नि अनुमोदक शक्यतो दोन वेगवेगळ्या गटांतले घ्या. इतिवृत्ताचा मसुदा आठवड्यात सगळ्यांना पाठवा, लोकांच्या आठवणी फार लवकर बदलतात. आणि सहा महिन्यांनी आढावा, तारीख आत्ताच टाकून. कायमचं म्हटलं की लोक घाबरतात, सहा महिने बघू म्हटलं की हो म्हणतात.

सगळंच असं बसून मिटवायचं नसतं हेही सांगते. कोणी मारहाण केली, धमकी दिली तर सरळ पोलिसात जा. हिशेबात पैसे गायब असतील तर तो गैरव्यवहार आहे, त्याची तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे करा, तिथे मधला मार्ग शोधू नका. आणि सगळं करूनही एखादा अडूनच बसला तर सहकार कायद्याच्या कलम 91 खाली सहकार न्यायालय आहे, फक्त वेळ नि पैसा दोन्ही लागतो याची कल्पना आधी सगळ्यांना द्या.

आमच्या पहिल्या आढाव्यात दोन बदल झाले. एका रात्रपाळीवाल्याची नोकरी बदलली म्हणून त्याची जोडी मोडली, आणि तो मेळ बसेपर्यंत माझी गाडी बाहेर लावा असं तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनीच हात वर करून सांगितलं. दुसरा बदल दिवाळीच्या सुट्टीचा, तो दोन ओळींत लिहून टाकला.