नववी-दहावीत शाळा सोडून घरी शिकवताय? या चुका टाळा

शाळा सोडून मुलांना घरी शिकवायचं ठरवलेल्या पालकांचे फोन मला येतात. पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो, "कोणता ऑनलाइन क्लास लावू?" मूल चौदा-पंधरा वर्षांचं असतं, शाळा सुटून जेमतेम पंधरा दिवस झालेले असतात. त्याला स्वतःला काय वाटतं, असं विचारलं की पलीकडून उत्तर येत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे शाळा घरात आणून बसवणं. हे मी स्वतः केलंय. मुलाला नववीच्या मध्यावर शाळेतून काढलं आणि दुसऱ्याच दिवशी भिंतीवर वेळापत्रक चिकटवलं. सकाळी आठ ते दुपारी दोन शाळेसारख्या सात तासिका, चार वाजता ऑनलाइन क्लास, रात्री उजळणी. पहिला आठवडा बरा गेला. तिसऱ्या आठवड्यात एकदा त्याची वही उघडली, तर एकच उदाहरण तीन दिवस, फक्त तारीख बदलून उतरवलेलं होतं. क्लासमध्ये कॅमेरा बंद आणि विचारलं की "झालं". मी खूप ओरडले. त्या रात्री तो म्हणाला, "आई, शाळेत निदान मधली सुट्टी तरी असायची."

दुसऱ्या दिवशी वेळापत्रक काढून टाकलं आणि सहा आठवडे काहीही शिकवायचं नाही असं ठरवलं. तो काळ माझ्यासाठी फार अवघड होता. तो दहा वाजता उठायचा, दुपारभर लोळायचा. मी रोज मनातल्या मनात वाया गेलेले दिवस मोजायची. पाचव्या आठवड्यात तो स्वतःच बीजगणिताचं पुस्तक घेऊन आला, कारण परीक्षेची भीती आता त्याला वाटत होती, माझ्या जागी. तेव्हापासून आमची एकच पद्धत आहे. दिवसाला दोनच विषय, एकूण चार तास, आणि कोणता विषय आधी घ्यायचा ते त्याने ठरवायचं. या सहा आठवड्यांना पालक सर्रास नाही म्हणतात. "आधीच मागे पडलाय" म्हणतात. मूल थकलेलं असताना त्याच्यावर आणखी एक क्लास लादला तर ते पुढे कसं जाईल?

दुसरी चूक विषयनिवडीची, आणि ही फार महागात पडते. एनआयओएस म्हणजे शाळेत न जाता दहावी-बारावी देता येणारं केंद्राचं मुक्त शिक्षण मंडळ. त्याच्या दहावीला पाच विषय लागतात आणि गणित सक्तीचं नाही. हे कळलं की पालकांना सुटल्यासारखं वाटतं. माझ्या ओळखीतल्या एका मुलीच्या घरच्यांनी पाचही सोपे विषय निवडले. "आधी दहावी पदरात पडू दे, मग बघू." ती चांगल्या गुणांनी पास झाली आणि अकरावीला विज्ञान घ्यायचंय म्हणाली. गणित नाही, विज्ञान नाही, म्हणून कॉलेजने प्रवेश नाकारला. मग हे दोन विषय अतिरिक्त म्हणून घेऊन परीक्षा द्यावी लागली आणि तिच्या मैत्रिणी वर्षभर पुढे गेल्या. माझी सवय अशी आहे की कागदावर आधी मुलाच्या मनातल्या तीन वाटा लिहायच्या आणि तिन्हींना चालतील असेच विषय घ्यायचे. पंधराव्या वर्षी मन बदलणारच.

वय न बघता शाळेतून काढू नका. एनआयओएसच्या दहावीला किमान 14 वर्षं पूर्ण लागतात. तेरा वर्षांच्या मुलाचा दाखला हातात घेऊन बसलेले पालक मी पाहिलेत.

दाखला काढण्याआधी एनआयओएस की राज्य मंडळाचा 17 नंबरचा फॉर्म (बाहेरून परीक्षा देण्याचा), हे ठरवा. दोन्हींच्या मुदती वेगळ्या असतात. मूळ दाखल्याच्या प्रती काढून ठेवा, तो हरवला तर प्रतिज्ञापत्रापर्यंत प्रकरण जातं.

एनआयओएसमध्ये टीएमए असतात, म्हणजे घरून लिहून द्यायचे स्वाध्याय. त्यांना 20 टक्के वजन आहे. शेवटच्या रात्री गाइडमधून उतरवून देऊ नका.

एनआयओएसच्या एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा वर्षातून दोन परीक्षा आहेत, नोंदणी 5 वर्षं चालते, नऊ संधी मिळतात. ही सोय मुलाने श्वास घेत शिकावं म्हणून आहे. पाचही विषय एका दमात उरकायला निघालेल्यांना मी दोन-तीन विषयांनी सुरुवात करायला सांगते. बहुतेक ऐकत नाहीत.

आणि मित्र तोडू नका. "शाळेतली संगत सुटली, बरं झालं" हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय. माझा मुलगा रोज संध्याकाळी त्याच जुन्या पोरांबरोबर कबड्डी खेळायला मैदानावर जायचा. सहा आठवड्यांच्या त्या काळात तो घरातून बाहेर पडायचा तो एवढ्यासाठीच.