लक्ष आणि हालचाल: एफएमआरआय प्रयोगाची आखणी

एफएमआरआय म्हणजे रक्तप्रवाहातील बदलांवरून मेंदूची क्रिया टिपणारे चुंबकीय चित्रण. लक्ष आणि हालचाल मेंदूत एकमेकींत गुंतलेल्या असल्याने प्रयोगात त्या वेगळ्या कराव्या लागतात. पडद्यावर डावा किंवा उजवा बाण दाखवावा, थोडे थांबावे आणि मगच उजव्या तर्जनीने बटण दाबायला सांगावे. काही फेऱ्यांत मात्र बटण दाबायला सांगूच नये. रक्तप्रवाहातील बदल साधारण ५ ते ६ सेकंदांनी शिखर गाठतो, म्हणून मधली प्रतीक्षा दर वेळी कमीजास्त ठेवावी, नाहीतर लक्षाचे आणि हालचालीचे संकेत एकमेकांत मिसळतात.

खरी काळजी डोक्याची घ्यावी. बटण दाबताना मान किंचित जरी हलली, तरी चित्रात मेंदूची खोटी क्रिया उमटते. त्यासाठी कानांलगत फोमच्या गाद्या बसवाव्यात. उजव्या हाताच्या हालचालीला डाव्या चालक बाह्यकात (मेंदूच्या डाव्या अर्ध्यातील, हालचाल घडवणाऱ्या बाहेरील थरात) प्रतिसाद दिसला नाही, तर आधी वेळेच्या नोंदी तपासाव्यात.